जुन्या तारखेचा डॉलरचा भाव कसा काढायचा: परदेशी उत्पन्नाचे रिटर्न भरणाऱ्या बडोदेकरांसाठी

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत आता कोणाच्या तरी नावावर परदेशातले काहीतरी असते. मुलीबरोबर काढलेले न्यू जर्सीतले जोडखाते, अमेरिकी कंपनीतल्या नोकरीत मिळालेले शेअर, लंडनच्या फ्लॅटचे भाडे, किंवा इथे गोत्रीत बसून परदेशी ग्राहकांसाठी केलेल्या कामाचे डॉलर. रिटर्न भरायची वेळ आली की या सगळ्याचे रुपये करावे लागतात. तिथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात: मोबाइलवर डॉलरचा भाव शोधायचा, पैसे मिळाले त्या तारखेचा आकडा उचलायचा आणि गुणाकार करायचा.

हा आकडा जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. भाव खोटा असतो असे नाही. कायद्याने वेगळ्या तारखेचा, ठरावीक बँकेचा आणि ठरावीक रकान्यातला दर सांगितला आहे. दर शोधणे हे सोपे काम आहे. कोणता दर शोधायचा हे आधी ठरवणे हे खरे काम आहे, आणि लोक नेमके तेच वगळतात.

पुढचे सगळे भारतात निवासी असलेल्या व्यक्तीच्या आयकर रिटर्नबद्दल आहे आणि आयकर नियम १९६२ वर आधारलेले आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यामुळे त्या तारखेनंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे, नियमांचे आणि फॉर्मचे क्रमांक नव्याने तपासून घ्या. २०२५-२६ आणि त्याआधीच्या आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाला जुनेच नियम लागतात.

## तयारी: दर शोधण्याआधी टेबलावर काय हवे

आधी कागद, मग दर. उलट क्रमाने गेलात तर अर्ध्या वाटेवर कळते की तारीखच चुकीची धरली होती, आणि मग सगळे पुन्हा.

परदेशी बँकेचे किंवा ब्रोकरचे स्टेटमेंट काढून ठेवा, आणि तेही एका वर्षाचे पुरत नाही. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून २०२५-२६ च्या रिटर्नसाठी जानेवारी २०२५ पासून मार्च २०२६ पर्यंतचे सलग पंधरा महिन्यांचे स्टेटमेंट हाताशी असावे. ब्रोकर वर्षाच्या शेवटी देतो तो एकत्रित कर-कागद सोयीचा दिसतो, पण त्यात बऱ्याचदा वर्षाची बेरीज असते. आपल्याला प्रत्येक रकमेची स्वतंत्र तारीख हवी.

नोकरीत शेअर मिळाले असतील तर फॉर्म १६, त्यासोबतचा फॉर्म १२बीए (पगाराबाहेरच्या लाभांचा तपशील) आणि शेअर हाती आले त्या दिवसाची पावती काढा. पैसे भारतात आणले असतील तर इथल्या बँकेने दिलेला परकीय रकमेच्या जमेचा सूचनापत्र-कागद, म्हणजे लोक ज्याला एफआयआरसी किंवा एफआयआरए म्हणतात तो, काढून ठेवा.

मग एक कोरी एक्सेल शीट उघडा. रकाने एवढेच: उत्पन्नाचा प्रकार, परकीय चलनातली रक्कम, घडल्याची तारीख, नियमाची तारीख, दर, दराचा पुरावा, रुपये. घडल्याची तारीख आणि नियमाची तारीख हे दोन वेगळे रकाने ठेवायचेच. बहुतेक चुका या दोन तारखा एकच समजल्याने होतात.

आधी हे तपासा: मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना घरखर्चाला पाठवलेले पैसे हे उत्पन्नच नाही. नातेवाइकाकडून मिळालेली ती भेट आहे आणि तिच्यावर कर नाही. तिथे कोणताही जुना दर शोधायची गरज नाही; बँकेत जे रुपये जमा झाले तीच नोंद पुरे. ज्येष्ठ मंडळी यावर विनाकारण झोप घालवतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

## पायरी १: काम कोणते ते आधी लिहून काढा

एकाच डॉलरला एकाच दिवशी अनेक खरे दर असतात. कोणता घ्यायचा हे कामावरून ठरते.

आयकरासाठी परदेशी उत्पन्नाचे रुपये करायचे असतील तर स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफरने आलेले परकीय चलन बँक ज्या भावाने विकत घेते तो. माल आयात-निर्यात करणाऱ्याला सीमाशुल्कासाठी सीमाशुल्क खात्याने त्या काळासाठी जाहीर केलेला दर लागतो, आणि जीएसटीतही मालाच्या पुरवठ्याला तोच धरतात. सेवांच्या पुरवठ्याला मात्र जीएसटीत मान्य हिशेबपद्धतीचा दर चालतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठातला विद्यार्थी प्रबंधासाठी रुपया-डॉलरची मालिका बनवत असेल तर त्याला रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर किंवा वार्षिक सरासरी हवी. मुलाच्या व्हिसासाठी सीएकडून मालमत्तेचा दाखला घ्यायचा असेल तर दाखल्याच्या तारखेजवळचा दर घेऊन ती तारीख दाखल्यावर लिहायची.

या लेखात पुढे पहिलेच काम धरले आहे. तुमचे काम दुसरे असेल तर पुढच्या तारखा तुम्हाला लागू नाहीत.

सावधान: वार्षिक सरासरी दर आयकराच्या कामाला कधीच वापरू नका. वर्षभरातली सगळी रक्कम एकत्र करून सरासरीने गुणणे हा सोपा मार्ग वाटतो, पण नियमात त्याला जागा नाही.

## पायरी २: नियमाची तारीख ठरवा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे घाई नको.

आयकर नियम ११५ प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नाला वेगळी तारीख देतो. पैसे खात्यात आले ती तारीख यात सहसा नसतेच.

- पगार आणि पेन्शन: पगार ज्या महिन्यात देय होतो त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. ऑगस्टचा पगार ३१ ऑगस्टला देय असेल तर दर ३१ जुलैचा.
- लाभांश: कंपनीने लाभांश जाहीर केला, वाटला किंवा दिला त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस.
- रोख्यांवरचे व्याज: व्याज देय होते त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस.
- भांडवली नफा: शेअर किंवा मालमत्ता विकली त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस.
- घरभाडे, धंदा-व्यवसाय आणि इतर स्रोत: आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, म्हणजे ३१ मार्च.

शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. परदेशी बँकेच्या बचत खात्यावरचे साधे व्याज ‘इतर स्रोतां’त येते; ते रोख्यांवरचे व्याज नाही. त्यामुळे बारा महिन्यांचे व्याज डॉलरमध्ये एकत्र करून एकाच दराने, ३१ मार्चच्या दराने, रुपयांत आणायचे. इथे लोक दर महिन्याचा वेगळा दर लावत बसतात. मेहनतही वाया जाते आणि उत्तरही चुकते.

या शेवटच्या गटाला एक अपवाद आहे, आणि घरी बसून परदेशी काम करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. यातले जे पैसे ३१ मार्चआधी रीतसर भारतात आणले, त्यांना ३१ मार्चचा दर लावायचा नाही. बँकेने ज्या भावाने रुपये जमा केले तेच रुपये धरायचे. म्हणजे वर्षभरात दहा बिले केली, आठांचे पैसे इथल्या खात्यात आले आणि दोनांचे परदेशी खात्यातच राहिले, तर आठांसाठी बँकेचे कागद आणि उरलेल्या दोनांसाठी ३१ मार्चचा दर.

महिनाअखेरच्या नियमाने आकड्यात किती फरक पडतो? ऑगस्ट २०१३ पाहा. महिन्याच्या सुरुवातीला डॉलर साठ-एकसष्ट रुपयांच्या आसपास होता आणि २८ ऑगस्टला तो अडुसष्ट ओलांडून गेला. त्या दिवशी कोणी अमेरिकी शेअर विकले असते, तर बाजारात दिसणारा भाव अडुसष्टचा आणि नियमाने लागणारा भाव ३१ जुलैचा, साठ-एकसष्टचा. दर डॉलरमागे सात-आठ रुपयांचा फरक. एरवी फरक पैशांत असतो म्हणून चूक लपून राहते, एवढेच.

### महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर

३१ ऑगस्ट २०२५ हा रविवार होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मिळालेल्या लाभांशाला नेमकी हीच तारीख लागते, आणि त्या दिवसाचा दर शोधूनही हाती लागत नाही. नियमात सुट्टीसाठी वेगळी तरतूद नाही. प्रचलित रीत अशी की त्याआधीच्या ज्या शेवटच्या दिवशी स्टेट बँकेने दर जाहीर केला तो घ्यायचा. पुढच्या दिवसाचा घेऊ नका. १ सप्टेंबर हा दुसरा महिना झाला. शीटमध्ये ‘३१ ऑगस्ट रविवार, आधीच्या उपलब्ध दिवसाचा दर’ असे शब्दांत लिहून ठेवा.

पडताळणी: शीटमधला नियमाच्या तारखेचा रकाना वरून खाली वाचा. त्यात महिन्याच्या मधली एकही तारीख दिसता कामा नये. १५ किंवा २२ तारीख दिसली तर ती बहुधा घडल्याची तारीख चुकून तिथे आली आहे. अपवाद फक्त सुट्टीमुळे एक-दोन दिवस मागे गेलेल्या तारखांचा.

## पायरी ३: बँक आणि रकाना

नियमात बँकेचे नाव आहे: स्टेट बँक ऑफ इंडिया. आपल्या गावात ही चूक विशेष होते, कारण इथल्या कितीतरी घरांचे खाते पिढ्यान्‌पिढ्या बँक ऑफ बडोदात आहे. १९०८ साली याच शहरात सुरू झालेली बँक, शाखेतली माणसे ओळखीची, मग तिथूनच दर विचारून घेतला जातो. तो दर त्या बँकेच्या व्यवहारांसाठी बरोबर आहे, पण नियम ११५ साठी तो चालत नाही.

स्टेट बँक रोज परकीय चलनांच्या दरांची एक पीडीएफ काढते. तिच्यात प्रत्येक चलनापुढे अनेक आकडे असतात: टीटी बाय, टीटी सेल, बिल बाय, बिल सेल, ट्रॅव्हल कार्डचे दोन आणि रोख नोटांचे दोन. आपल्याला फक्त पहिला हवा, टीटी बाय. बाय म्हणजे बँक विकत घेते तो भाव. तुमच्याकडे आलेले डॉलर बँक विकत घेईल, म्हणून बँकेच्या बाजूने ती खरेदी. ‘मी डॉलर विकतोय’ असा विचार करून सेलचा रकाना पाहिला की दर जास्त येतो आणि करही जास्त बसतो.

पीडीएफच्या पानांवर व्यवहाराच्या रकमेप्रमाणे वेगळे तक्ते असू शकतात. तक्त्याचे शीर्षक वाचूनच आकडा उतरवा. पीडीएफवर तारखेसोबत वेळही छापलेली असते. मोठ्या चढउताराच्या दिवशी बँक दर पुन्हा जाहीर करू शकते, तेव्हा वेळही टिपून ठेवा.

पडताळणी: त्याच दिवसाचा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा संदर्भ दर पाहा. जुलै २०१८ पासून हा दर एफबीआयएल ही संस्था ठरवते आणि डॉलर, पाउंड, युरो व येन यांच्यासाठी तो मिळतो. स्टेट बँकेचा टीटी बाय त्याच्यापेक्षा थोडा कमी आणि टीटी सेल थोडा जास्त असायला हवा. तुमचा आकडा संदर्भ दराच्या वर असेल तर रकाना चुकला असण्याची शक्यता मोठी. फार हालचालीच्या दिवशी ही कसोटी थोडी ढळू शकते, कारण दोन्ही दर दिवसाच्या वेगळ्या वेळी ठरतात. म्हणून ही फक्त पडताळणी. संदर्भ दर रिटर्नमध्ये वापरायचा नाही.

## पायरी ४: जुनी पीडीएफ मिळवा

इथे बरेच जण अडकतात. बँकेच्या संकेतस्थळावरची ती पीडीएफ रोज बदलते आणि कालची जाऊन आजची तिच्या जागी येते. आठ महिन्यांपूर्वीची हवी असेल तर पुढच्या क्रमाने प्रयत्न करा.

सीएला आधी विचारा. ज्यांच्याकडे परदेशी उत्पन्नाचे अशील आहेत ते महिनाअखेरच्या पीडीएफ जमवून ठेवतात.

ते नसेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जतन करणाऱ्या संकेतस्थळावर बँकेच्या त्या पीडीएफचा पत्ता टाकून हव्या तारखेची प्रत जतन झाली आहे का पाहा. काही उत्साही लोकांनी रोजच्या पीडीएफ वर्षानुवर्षे जमवून इंटरनेटवर ठेवल्या आहेत, त्याही उपयोगी पडतात. अट एकच: मूळ पीडीएफ उघडता आली पाहिजे. कोणीतरी टाइप करून ठेवलेल्या तक्त्यातला आकडा पुरावा म्हणून घेऊ नका, कारण त्यात रकाना कोणता होता हे तुम्हाला कळत नाही.

हेही जमले नाही तर स्टेट बँकेच्या परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जात चलन, तारीख आणि ‘टीटी बायिंग रेट’ हे तिन्ही स्पष्ट लिहा. नुसते ‘डॉलरचा जुना दर’ लिहिलेत तर कोणता आकडा हाती येईल याची खात्री नाही.

आतापासून करा: दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ही पीडीएफ उतरवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. फोनवर आठवण लावून ठेवली की वर्षभराची शोधाशोध संपते.

## पायरी ५: गुणाकार

सोपी पायरी, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले, एकक. जपानी येनचा दर शंभर येनमागे दिलेला असतो, स्टेट बँकेतही आणि रिझर्व्ह बँकेच्या संदर्भ दरातही. शंभराने भागायला विसरलात तर उत्पन्न शंभरपट होते.

दुसरे, दिशा. बँकेच्या पीडीएफमध्ये चलन नसेल आणि डॉलरमार्गे दर काढायचा असेल तर आधी दर कोणत्या दिशेने लिहिला आहे ते पाहा. अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या तक्त्यात रुपया ‘एका डॉलरला किती रुपये’ असा असतो, पण पाउंड, युरो आणि ऑस्ट्रेलियन डॉलर ‘एका युनिटला किती डॉलर’ असे उलटे असतात. समजा एक युरो १.१० डॉलर आणि एक डॉलर ८५ रुपये. मग युरो ९३.५० रुपये. भागाकार केलात तर ७७.२७ येतील, आणि तो आकडा पटण्याजोगा दिसतो, हेच वाईट.

तिसरे, एकूण रक्कम. परदेशात कर कापून हाती आलेली नव्हे, कापण्याआधीची पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून धरायची. समजा १२० डॉलर लाभांश, त्यातून २५ टक्क्यांनी ३० डॉलर कर कापला आणि ९० डॉलर खात्यात आले. दर ८७.१० धरला तर उत्पन्न १०,४५२ रुपये; ९० डॉलरचे ७,८३९ नव्हे. भारत-अमेरिका करारानुसार व्यक्तीच्या लाभांशावर तिकडे २५ टक्के कापतात, त्यामुळे ही चूक केली की चौथा भागच रिटर्नमधून गायब होतो.

मधल्या पायऱ्यांत दर जसाच्या तसा ठेवा. पूर्णांक करायचे ते शेवटी.

## पायरी ६: शेअर विकले असतील तर

इथे तारीख नियमाने ठरते, पण रीत दोन प्रकारची चालते. म्हणून सीएशी बोलण्याआधी तुम्हाला प्रश्न समजलेला असावा.

समजा १,००० डॉलरला घेतलेले शेअर १,३०० डॉलरला विकले. खरेदीच्या वेळचा दर ७५, विक्रीसाठी नियमाचा दर ८५.

पहिली रीत: नफा डॉलरमध्येच काढायचा आणि मग रुपये करायचे. ३०० गुणिले ८५, म्हणजे २५,५०० रुपये.

दुसरी रीत: खरेदीचे रुपये खरेदीच्या वेळच्या दराने, विक्रीचे विक्रीच्या दराने. १,१०,५०० वजा ७५,०००, म्हणजे ३५,५०० रुपये.

एकाच व्यवहारात दहा हजारांचा फरक. आणि शेअर तोट्यात विकले असतील तर फरक आणखी बोचतो. हेच शेअर ९५० डॉलरला विकले असते तर पहिल्या रीतीने ४,२५० रुपयांचा तोटा आणि दुसऱ्या रीतीने ५,७५० रुपयांचा नफा.

माझे मत असे: रीत कोणतीही ठरवा, पण सीएकडून त्याचे कारण ऐकून घ्या, ते एका ओळीत लिहून ठेवा आणि दरवर्षी तीच वापरा. यंदा फायद्याची म्हणून एक, पुढच्या वर्षी दुसरी, असे केलेले नोटीस आली की समजावून सांगता येत नाही.

नोकरीत मिळालेल्या शेअरांची खरेदी किंमत शून्य धरू नका. शेअर हाती आले त्या दिवशीचे मूल्य पगाराचा भाग म्हणून फॉर्म १६ मध्ये आधीच आलेले असते आणि त्यावर कर भरलेला असतो. तेच मूल्य पुढे खरेदी किंमत ठरते. शून्य धरले तर एकाच रकमेवर दोनदा कर बसतो, आणि नोकरीत नवे असलेले तरुण ही चूक फार करतात.

भारतातल्या शेअर बाजारात नोंद नसलेले परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवले तर दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन दर १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत न वाढवता.

## पायरी ७: शेड्यूल एफए, तारखांचा वेगळाच हिशेब

आतापर्यंतचे नियम डोक्यात बसले असतील तर इथे ते बाजूला ठेवा. परदेशी मालमत्तेची माहिती देण्याच्या या भागात महिनाअखेरचा नियम नाही आणि आर्थिक वर्षही नाही.

शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षावर चालते. २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ ची माहिती द्यायची. दर स्टेट बँकेचा टीटी बायच, पण गुंतवणुकीच्या मूल्याला गुंतवणुकीच्या दिवसाचा, खात्यातल्या सर्वांत मोठ्या शिलकीला त्या दिवसाचा आणि वर्षअखेरच्या शिलकीला ३१ डिसेंबरचा. म्हणजे एका साध्या बँक खात्यालाही दोन वेगळे दर लागतात.

सर्वांत मोठ्या शिलकीसाठी महिन्याच्या शेवटच्या शिलका पाहून भागत नाही. महिन्याच्या मध्ये मोठी रक्कम येऊन गेली असेल तर ती स्टेटमेंटच्या ओळींतच दिसते. सगळ्या ओळी पाहा.

सावधान: मुलीच्या खात्यावर नुसते दुसरे नाव म्हणून तुमचे नाव असले, पैसे सगळे तिचे असले, तरी हा भाग तुमच्या सीएला दाखवल्याशिवाय रिकामा सोडू नका. माहिती न देण्याचा दंड काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण माहिती देण्याची जबाबदारी गेली नाही.

अनिवासी असाल, किंवा परदेशातून परत आल्यावर ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले’ या स्थितीत असाल, तर शेड्यूल एफए भरायचे नाही. परतलेल्या ज्येष्ठांनी आधी आपली स्थिती निश्चित करून घ्यावी. नाहीतर नको असलेल्या दरांच्या मागे आठवडा जातो.

## पायरी ८: तिकडे कापलेल्या कराचे रुपये

परदेशात भरलेल्या कराची वजावट मिळवायला फॉर्म ६७ भरतात. दराची तारीख नियम १२८ मध्ये आहे: कर भरला किंवा कापला त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस.

लाभांशावर कर त्याच वेळी कापला जातो, म्हणून वरच्या उदाहरणात दोन्हींना एकच दर लागेल: ३० गुणिले ८७.१०, म्हणजे २,६१३ रुपये. पण लंडनच्या भाड्यावरचा कर वेगळ्या महिन्यात भरला असेल तर उत्पन्नाला ३१ मार्चचा आणि कराला दुसऱ्याच महिन्याचा दर लागतो. शीटमध्ये त्याची ओळ वेगळी घ्या.

वजावट तिकडे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावरचा इथला कर, यांतल्या कमी रकमेइतकीच मिळते. फॉर्म ६७ रिटर्नच्या आधी भरून त्याची पोचपावती ठेवा.

पडताळणी: फॉर्म ६७, रिटर्नमधले शेड्यूल एफएसआय (परदेशी उत्पन्न) आणि शेड्यूल टीआर (परदेशी कराची सवलत) यांतले आकडे एकमेकांशी जुळतात का पाहा. नोटिसा बहुधा याच विसंगतीवर येतात.

## पायरी ९: आजोबांच्या काळातले कागद

वारशाने आलेली परदेशी मालमत्ता विकताना पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा दर शोधण्याची वेळ येते. थांबा, बहुधा तो लागणारच नाही. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला त्या तारखेचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेण्याचा पर्याय आहे. तेव्हा जास्तीत जास्त २००१ पर्यंत मागे जायचे.

तरीही कुटुंबाच्या हिशेबासाठी किंवा अभ्यासासाठी जुना दर हवाच असेल, तर काही तारखा हाताशी ठेवा. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये झाला आणि त्याबरोबर पाउंड २१ रुपयांवर गेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पाउंडचेच अवमूल्यन झाले आणि तो १८ वर आला. म्हणून ‘साठीतला पाउंड’ असा एक दर नसतो. तारीख दिसल्याशिवाय आकडा लिहू नका.

मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात दोन अधिकृत दर एकाच वेळी चालू होते, एक सरकारी आणि एक बाजाराचा. आलेल्या परकीय चलनाचा ४० टक्के भाग सरकारी दराने आणि ६० टक्के बाजाराच्या दराने रुपयांत जाई. त्या वर्षाचा दर कुठे दिसला तर तो दोहोंपैकी कोणता हे कळल्याशिवाय वापरू नका.

दुसऱ्या देशाचे चलनही मध्येच बदललेले असू शकते. पूर्व आफ्रिकेशी नाते असलेली घरे आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी: युगांडाने १९८७ मध्ये १०० जुन्या शिलिंगांचा एक नवा शिलिंग केला. जर्मन मार्कचे कागद असतील तर एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, हा दर कायमचा ठरलेला आहे.

## पायरी १०: फाइल, आणि मागच्या वर्षी चुकले असेल तर

एका फोल्डरमध्ये एक्सेल शीट, प्रत्येक तारखेची दरांची पीडीएफ, स्टेटमेंट आणि फॉर्म ६७ ची पोचपावती ठेवा. पीडीएफच्या नावात तारीख आणि चलन हवे. छापून ठेवणार असाल तर वापरलेल्या आकड्यावर पेन्सिलने खूण करा. चार वर्षांनी विचारणा झाली तर तुम्हाला किंवा मुलांना ते एका नजरेत सापडले पाहिजे.

मागच्या रिटर्नमध्ये दर चुकला होता असे आता लक्षात आले, तर आधी फरक किती ते काढा. सुधारित रिटर्नची मुदत बाकी असेल तर तेच भरा. कर कमी-जास्त कसाही झाला तरी त्यात चालतो. मुदत संपली असेल तर अद्ययावत रिटर्नचा मार्ग उरतो, पण तो फक्त कर वाढत असेल तेव्हाच. त्यातून परतावा मागता येत नाही आणि जादा रक्कमही भरावी लागते. शेड्यूल एफए राहून गेले असेल तर स्वतः काही भरण्याआधी सीएकडे जा, आणि जाताना ती पंधरा महिन्यांची स्टेटमेंट सोबत न्या.